‘लागणे’चे लागेबांधे

गेल्या उन्हाळ्यात एका कामानिमित्त आम्हांस हदगावी दोन दिवस मुक्काम करावा लागला. ‘करावा लागला’ असे सहज लिहून गेलो खरे, पण त्यात सक्ती कोणाचीच नव्हती. यजमान जुने स्नेही, अंगणात कडुनिंबाची सावली, आणि आलेल्या पाहुण्याला लवकर उठू न देण्याची मराठवाड्याची रीत. तरीही लेखणीने ‘लागला’ हे क्रियापद आमच्या नकळत उचलले. हा लेख त्या क्रियापदाविषयीच आहे, आणि तो सुचला तोही त्याच मुक्कामात.

यजमानांची मुलगी अकरावीत शिकते. संध्याकाळी ती ओसरीवर इंग्रजीची वही घेऊन बसली होती. ‘टेक’ ह्या इंग्रजी क्रियापदाचे उपयोग तिने एकाखाली एक उतरवून घेतले होते. औषध घेतात तो ‘टेक’, छायाचित्र काढतात तो ‘टेक’, परीक्षेला बसतात तो ‘टेक’, विमान उडते तेथे ‘टेक’ आणि मूल बापाच्या वळणावर जाते तेथेही ‘टेक’. बावीस ओळी झाल्या होत्या आणि त्या सगळ्या पाठ करायच्या होत्या. ती वैतागून म्हणाली, “काका, एका शब्दाचे इतके अर्थ असतात का कुठं? आपल्या मराठीत तरी असलं काही नाही.”

तिची आजी पलीकडे शेंगा फोडीत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरातले. नातीच्या तक्रारीकडे त्यांचे लक्ष नव्हते. त्या आपल्याच नादात म्हणाल्या, “दिवे लागायची येळ झाली. काकाला भूक लागली आसंल. आन् त्या दुधाकडं बघ जरा, खाली लागंल.” तीन वाक्ये, तीन वेळा एकच क्रियापद आणि तिन्ही वेळा अर्थ निराळा. आम्ही मुलीकडे पाहिले. तिच्याही ते ध्यानात आले असावे, कारण तिने वही उलटी करून शेवटचे कोरे पान आमच्यापुढे धरले. जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत त्या पानावर आम्ही दोघांनी मिळून साठांहून अधिक उपयोग लिहिले. आजींनीच त्यांतले निम्मे पुरवले, आणि आपण काही पुरवीत आहोत ह्याची त्यांना शेवटपर्यंत कल्पना नव्हती.

त्या यादीतले सगळेच येथे उतरविण्याचे कारण नाही. भूक, तहान, झोप, ठसका, उचकी, धाप, ठेच ही शरीराची मंडळी सर्वांच्या ओळखीची आहेत. वेड, छंद, ध्यास, घोर, हुरहूर, चटक ही मनाची. पण ह्यांच्या पलीकडे गेले की हे क्रियापद अधिक चतुर होते. हिशेब लागतो, अर्थ लागतो, थांग लागतो, पत्ता लागतो. म्हणजे ज्ञानही आपल्याकडे ‘लागते’. कोणाचे अक्षर गिचमिड असले तर ‘त्याचे अक्षर मला लागत नाही’ असे आपण म्हणतो. जुन्या पिढीत ‘मोडी लागते का?’ असा प्रश्न विचारीत, आणि तो केवळ वाचता येण्याचा प्रश्न नव्हता. डोळ्यांपुढची वेडीवाकडी रेघ मनाशी जुळते की नाही, असे ते विचारणे होते. गवयाचा सूर लागतो तेव्हाही हेच घडते. सूर ‘काढला’ म्हटले की गवय्याचे कसब दिसते. ‘लागला’ म्हटले की गवई आणि सूर दोघेही कोठेतरी भेटले, असे वाटते.

हदगावच्या शिवारात हे क्रियापद आणखी घट्ट रुजलेले आढळले. हा सारा पट्टा कापसाचा, सोयाबीनचा आणि हळदीचा. अर्धापूरकडे गेले की केळीचा. येथे विहीर खणली की अमुक फुटांवर पाणी लागते, नाहीतर दगड लागतो. केळीला घड लागतो, बोंडाला अळी लागते. २०१७ साली कापसावर गुलाबी बोंडअळी आली त्या वर्षीच्या गोष्टी लोक अजून सांगतात, आणि त्या सांगताना ‘अळीने खाल्ले’ असे कोणी म्हणत नाही, ‘अळी लागली’ असेच म्हणतात. ‘लागणे’चे प्रयोजक रूप ‘लावणे’. हळद शेतात लावतात आणि नवरीलाही लावतात; पहिली नऊ महिन्यांनी काढायची असते, दुसरी दोन दिवसांत धुऊन जाते. साप चावला तर त्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही म्हणून ‘पान लागले’ असे म्हणण्याची पद्धत महाराष्ट्राच्या खेड्यांत जुनी आहे. भीतीपोटी सापाचे पान होते आणि चावण्याचे लागणे होते. ज्याने ही युक्ती प्रथम केली त्याला भाषेची मोठी समज होती, आणि भीतीचीही.

येथल्या बोलीची एक खोच बाहेरच्या मनुष्याच्या लवकर ध्यानात येत नाही. प्रमाण मराठीत ‘तो लिहू लागला’ म्हणजे लिहिण्यास त्याने आरंभ केला. शाळेच्या व्याकरणातही तेवढेच शिकवतात. मराठवाड्यात मात्र ‘पाऊस येऊ लागलाय’ हे चालू असलेल्या पावसालाही म्हणतात. नांदेडकडे ‘काय करायलास?’ असे विचारतात, लातूरकडे ‘काय करूलालास?’ असे. लातूरच्या ह्या दुसऱ्या रूपात ‘करू लागलास’ हेच घासून गुळगुळीत झालेले असावे, असा आमचा तर्क आहे. आमची त्यावर पैज नाही. पण तर्क खरा असेल तर ह्या भागातला माणूस दिवसभरात जे जे करतो ते ते ह्याच क्रियापदाला धरून करतो, आणि ते त्याच्या जिभेवर आहे हे त्याला ठाऊकही नसते.

मूळ धातू संस्कृतातला ‘लग्’, चिकटणे, जोडले जाणे. त्याचे भूतकाळवाचक विशेषण ‘लग्न’, म्हणजे चिकटलेले. प्राकृतात त्याचे ‘लग्ग’ झाले आणि मराठीत ‘लाग’. विवाहाला आपण लग्न म्हणतो आणि ते ‘लागते’ असेही म्हणतो, म्हणजे चिकटलेले पुन्हा चिकटवतो. (काही संसार पाहता ही दुहेरी खबरदारी अनाठायी वाटत नाही.) लगत, लगेच, लागलीच, सलग, संलग्न ही सगळी ह्याच कुळातली, अलग आणि विलग ही त्याच कुळातून बाहेर पडलेली. जुन्या मराठीत ‘लागी’ हे शब्दयोगी अव्यय ‘साठी’ ह्या अर्थाने येई. ज्याच्यासाठी काही करायचे त्याच्याशी आपण आधीच जोडलेले असतो, असा त्याचा भाव. आपला चतुर्थीचा ‘ला’ हा प्रत्यय ह्या ‘लागी’चाच झिजलेला अवशेष होय, असेही एक मत भाषाशास्त्रात मांडले गेले आहे, ते सर्वांस मान्य नाही. मान्य धरले तर ‘मला भूक लागली’ ह्या तीन शब्दांच्या वाक्यात एकच धातू दोनदा येऊन बसला आहे.

ह्या तीन शब्दांपाशीच थोडे थांबले पाहिजे. ‘मला भूक लागली’ ह्यात कर्ता कोण? व्याकरण सांगते, भूक. ‘मी’ तेथे कर्त्याच्या आसनावर नाहीच. तो चतुर्थीत, बाजूला, येणाऱ्याची वाट पाहत उभा आहे. भूक चालून येते आणि त्याला चिकटते. इंग्रज मनुष्य स्वतःच भुकेला ‘असतो’. आपल्याकडे भूक बाहेरची असते, आणि ती कोणालाही लागते. हिंदीची रचना हीच, शेजारच्या तेलुगूतही भूक माणसाकडेच येते; म्हणजे हा केवळ मराठीचा अभिमान मिरवण्याचा विषय नव्हे. पण मराठीने ह्या एका धातूवर जेवढा संसार उभा केला आहे तेवढा पाहिला की त्यामागे जगाकडे पाहण्याची एक दृष्टी आहे, असे मानणे भाग पडते. माणूस हा सर्व गोष्टींचा करविता नव्हे. पुष्कळ गोष्टी त्याच्याकडे येतात, त्याला धरतात आणि मग त्याला उत्तर द्यावे ‘लागते’.

आता कोशांकडे वळू. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यानंतर दाते–कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडशः निघाला. दोहोंचेही ऋण मोठे आहे, आणि मोल्सवर्थसारखा परका मनुष्य मराठी माणसाच्या जिभेवर इतका बारीक कान ठेवून होता ह्याचे आम्हांस आजही आश्चर्य वाटते. तथापि कोशाचा म्हणून एक स्वभाव असतो. तो अर्थांना क्रमांक देतो. पहिला अर्थ, दुसरा अर्थ, पंधरावा अर्थ. जणू एका वाड्यात पंधरा बिऱ्हाडे आहेत आणि कोणाचा कोणाशी संबंध नाही. इंग्रजांनीही आपल्या भाषेचे हेच केले आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ ह्या तीन अक्षरी क्रियापदाची नोंद सर्वांत लांब होती आणि तिच्यात चारशेंहून अधिक अर्थ वेगळे काढले होते. कोशकाराला तसे करण्यावाचून गत्यंतर नाही. आमची तक्रार कोशकाराशी नाही. कोशाचा क्रमांक पाहून भाषांतर करणाऱ्याशी आहे.

असा भाषांतरकार इंग्रजी वाक्यातील क्रियापद उचलतो, त्याच्यापुढे मराठी क्रियापद ठेवतो आणि ‘मी’ला कर्त्याच्या जागी जसाच्या तसा बसू देतो. मग ‘मी थंडी अनुभवत आहे’, ‘मी भीती जाणवून घेतली’, ‘तिने एकटेपण वाटून घेतले’ अशी वाक्ये छापली जातात. ‘फील करणे’ तर आता घरोघर आले आहे. शब्द परका आहे म्हणून आम्ही कुरकुर करीत नाही. टेबल, स्टेशन, तिकीट हेही परकेच होते आणि ते आता घरचे आहेत. कुरकुर अशी की ह्या वाक्यांत थंडी लागत नाही, भीती वाटत नाही, एकटेपण येत नाही. सर्व गोष्टी ‘मी’ नावाचा एक कारभारी करतो. हे वाक्य मराठी अक्षरांत असते, पण त्यातला माणूस मराठी राहिलेला नसतो.

उलट बाजूचे एक उदाहरण आपल्याच धर्मग्रंथात आहे. क्रुसावरील सात शब्दांपैकी पाचवा शब्द तहानेचा. मूळ ग्रीकमध्ये ते ‘दिप्सो’ हे एकच क्रियापद आहे, प्रथमपुरुषी एकवचनी; इंग्रजीनेही ते दोनच शब्दांत आणि ‘मी’ला कर्ता करून ठेवले. मराठी भाषांतरकाराने येथे ग्रीकचे किंवा इंग्रजीचे बोट धरले असते तर ‘मी तहानतो’ असे काहीसे झाले असते. त्याने तसे केले नाही. आपल्याकडे त्या प्रसंगी तहान ‘लागते’. ज्याच्याजवळ करण्यासारखे आता काहीच उरलेले नाही, हातही मोकळे नाहीत, त्याच्याकडे तहान येते आणि त्याला धरते. गुड फ्रायडेच्या दुपारी हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यातल्या क्रियापदाचे मोल मात्र हदगावच्या ओसरीवर कळले. भाषांतरकाराचे नाव आम्ही येथे शोधत बसत नाही. त्याच्या कानाला आमचा नमस्कार.

येथवर वाचून कोणाला वाटेल की आम्ही ह्या क्रियापदाची आरतीच करायला बसलो आहोत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जे ऐकले त्याने आरतीचे ताट खाली ठेवावे लागले.

जेवणानंतर मुलीने यादीचे पान पुन्हा काढले आणि आजीला मुद्दाम विचारले, “आजी, आणखी काय काय लागतं गं?” आजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “इटाळ लागतो.” मग त्यांच्या लहानपणच्या गावची विहीर निघाली. त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी विहिरीच्या कडेला घागर घेऊन उभे राहायचे, कोणी वरून पाणी ओतले तर घ्यायचे, नाही ओतले तर ऊन उतरेपर्यंत थांबायचे. एकदा त्यांच्या ओढणीचे टोक कोणाच्या भरलेल्या घागरीला लागले. ती घागर उपडी झाली आणि त्यांच्या आईला सगळ्यांदेखत हात जोडावे लागले. हे सांगताना आजींच्या आवाजात राग नव्हता. शेंगा फोडताना होता तोच आवाज होता. शेवटी त्या म्हणाल्या, “आमचा इटाळ त्यायला लागायचा. त्यायचा आमाला कधी लागला नाही.”

व्याकरणाचे कित्येक ग्रंथ चाळूनही ‘लागणे’विषयी इतके अचूक वाक्य आमच्या वाचनात आलेले नाही. ‘त्याला विटाळ लागला’ हे वाक्य पाहा. रचना तीच, भुकेची आणि तहानेची. विटाळ हा कर्ता, तो चालून येतो. आणि ज्याला लागतो तो बिचारा बाजूला, चतुर्थीत, सोसणारा. म्हणजे जो दुसऱ्याला दूर उभे करतो, पाणी नाकारतो, घागर उपडी करतो, तोच ह्या वाक्यात सोसणारा ठरतो! आणि जी मुलगी उन्हात उभी आहे ती वाक्यात कोठेच नाही. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदाही झाला. पण वाक्याची रचना कायद्याने बदलत नाही. कोणी विटाळ ‘मानला’ असे म्हणावयाचे ते ‘लागला’ असे म्हटले की मानणारा सुटतो.

एकदा हे दिसले की पुष्कळ ठिकाणी दिसत राहते. १९७८ च्या जुलैअखेर मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात, आणि नांदेड जिल्ह्यात तर फारच, दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. पोचिराम कांबळे ह्यांचा खून ह्याच जिल्ह्यातला. आता ह्या घटनेविषयी ‘वस्तीला आग लागली’ असे कोणी लिहिले तर ते वाक्य शुद्ध ठरेल, त्यात एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक सापडणार नाही, आणि ते धादांत खोटे असेल. आग लागली नाही, लावली. नामांतरासाठी पुढे १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली हेही खरे, पण ती वाट कोणी पाहावयास लावली हा प्रश्न क्रियापदाच्या आड राहतो. वृत्तपत्रांतील ‘जीव गमवावा लागला’ हा ठोकळा तर आम्हांस अजिबात सहन होत नाही. अपघातात ठीक आहे. पण कोणीतरी कोणालातरी मारले असता ‘तिला जीव गमवावा लागला’ असे लिहावयाचे, म्हणजे मारणाऱ्याला वाक्यातून हलक्या पावलांनी बाहेर जाऊ द्यावयाचे. कचेरीच्या खिडकीवरचा मनुष्य ‘थोडे पैसे लागतील’ म्हणतो तेव्हा तो आपल्या भुकेविषयी काहीच बोलत नसतो. पैसे आपोआप लागत असतात, पावसासारखे.

म्हणून आम्हांस असे वाटते की ज्याला मराठी लिहावयाची आहे त्याने ‘लागणे’ आणि ‘लावणे’ ह्यांतला भेद नित्य जवळ बाळगावा. भूक, तहान, ओढ, सूर, अर्थ ह्यांना ‘लागू’ द्यावे. तेथे ‘मी’ची लुडबूड नको. पण जेथे माणसाचा हात आहे तेथे हात दाखवावा. एकाच क्रियापदाशी असे दोन रीतींनी वागावे लागते, आणि कोठे कसे वागायचे हे कोशातील क्रमांक सांगू शकत नाही.

सातबाऱ्यावर नाव लागण्याची गोष्ट ह्याच संदर्भात मनात येते. बापाच्या पश्चात मुलांची नावे लागतात, असे म्हणतात, जणू ती कागदावर आपसूक उगवतात. मुलींची तेवढ्या सहज उगवत नाहीत. ती कोणीतरी लावावी लागतात. शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या तोंडावर ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ चालवली आणि नवऱ्यांनी आपली काही जमीन बायकोच्या नावे करून द्यावी असे सांगितले, तेव्हा ‘लागणे’चे ‘लावणे’ झाले. २०२४ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने ठरविले की त्या वर्षीच्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नावही लावावयाचे. आमच्या यजमानांची मुलगी हा नियम येण्याच्या कितीतरी आधीची. तरी तिच्या वहीवर तिने स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे असे नाव घातले आहे. आम्ही त्याविषयी विचारले तर ती म्हणाली, “मीच लावलं.” इंग्रजीतल्या ‘टेक’चे बावीस अर्थ तिला पाठ होवोत न होवोत, हा एक भेद तिला कोणी शिकवण्याची गरज नाही.

यादीच्या अखेरीस दोन उपयोग आम्ही मुद्दाम राखून ठेवले होते, कारण ते एकमेकांशेजारी ठेवावेत असे वाटत होते. एक देण्याचा, ‘मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो’, आणि दुसरा नात्याचा, ‘तो माझा भाऊ लागतो’. कर्ज आणि नाते दोहोंनाही एकच क्रियापद. इंग्रजीत हे घडत नाही. तेथे देणे एका खात्यावर आणि नाते दुसऱ्या. आपल्याकडे ज्याचे आपण कोणी लागतो त्याचे काही देणेही लागतो, आणि हे देणे फिटले की नाते संपले असे होत नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिताना सांगितले की कोणाचे काही देणे राहू देऊ नका, एकमेकांवरील प्रीतीचे तेवढे राहू द्या. प्रचलित भाषांतरात तेथे ‘ऋण’ हा भारदस्त शब्द आहे. चूक नाही. पण ‘देणे लागणे’ त्या जागी आले असते तर आजींच्यासारख्या श्रोत्याला त्यात कर्ज आणि सोयरीक दोन्ही एकदम ऐकू आली असती. ‘ऋण’मध्ये सावकार दिसतो, भाऊ दिसत नाही.

शोमरोनी मनुष्याच्या दृष्टान्ताचेही तसेच. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? हा प्रश्न मराठीत पुस्तकी वाटतो, कारण आपल्या खेड्यात शेजारी कोण हे भिंतीवरून कळते. त्यासाठी कोणी विचारीत नाही. आपल्याकडे त्या जागी जो खरा प्रश्न विचारतात तो निराळा आहे: “तो माझा कोण लागतो?” शब्दांनी हा प्रश्न आहे, सुराने नकार आहे. रस्त्यात पडलेल्या माणसाला पाहून वळसा घालणारे दोघेही मनात हेच म्हणून गेले असतील. आणि ज्याने खाली उतरून जखमा बांधल्या त्याला विटाळ लागायला हवा होता, कारण यहुदी आणि शोमरोनी ह्यांच्यात तसाच व्यवहार होता. भाषांतर बदलावे अशी सूचना आम्ही करीत नाही. तो अधिकार आमचा नव्हे. पण प्रवचनकारांनी एखाद्या रविवारी हा प्रश्न आपल्या बोलीत विचारून पाहावा. ऐकणारे चुळबुळ करतील, असा आमचा अंदाज आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नांदेडला निघालो. आजींनाही डोळे दाखवायला तिकडे जायचे होते, म्हणून त्या सोबत होत्या. नातीने त्यांच्या पिशवीत आवळासुपारी घातली, कारण आजीला गाडी लागते. स्थानकावर पोचलो तो ध्वनिक्षेपकावरून कोणी सांगत होते की नांदेडची गाडी लागली आहे. मुलगी आमच्याकडे पाहून हसली. पानावर दोन ओळी वाढल्या. गाडी वारंग्याच्या फाट्याकडे धावू लागली तेव्हा वाहक आला. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.त तिकीट लागत नाही. आजींनी कार्ड दाखवले, त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि आमच्याकडे हात करून विचारले, “हे सोबत हाईत का? कोण लागतेत तुमचे?”

आजी खिडकीबाहेर पाहत होत्या. आवळासुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेत त्या म्हणाल्या, “लागतेत की.”

वाहकाने आमचे एक तिकीट फाडले आणि तो पुढच्या बाकाकडे गेला.